बनुमावशीची कळशी

कोपरगाव, उसाच्या फडावरून

धनश्रीवहिनी, तुमाला शीलाचा नमस्कार.

आमी दोघं बरी हाय. मला सातवा लागला. आईला सांगा, मोळ्या हेच उचलतात, मी नुसत्या बांधते.

फोनवर बोललं की पाचटाच्या कोपीतनं शेजारच्या झोपड्यांना सगळं ऐकू जातं, म्हणून लिहिते. परवा मोळी बांधताना शिंक आली आन साडी भिजली. भोवती गडीमाणसं हुती. तेवढ्यात शेजारच्या बनुमावशीनं पाण्याची कळशी माझ्यावर सांडली आन मोठ्यानं म्हणाली, "मेले हातच थरथरतात माझे!" कोणाला काई कळलं न्हाई.

नर्सबाई म्हणाल्या, बाळाचा भार पडतो म्हणून असं होतं, पण पाणी प्यायचं सोडू नको.

तुमी सोडलं हुतं. डोहाळजेवणात झोपाळ्यावर हसता हसता तुमचंबी असंच झालं आन मी मोठ्यानं हसून साऱ्या बायकांना दाखवलं. मग तुमी घोटभर पाण्यालाबी भ्यायला लागल्या. लघवीला जळजळ झाली, तापानं फणफणल्या. मी खापर उन्हावर फोडलं.

तुमची गुड्डी शाळेत रडती का? आईचा गुडघा कसा हाय?

वहिनी, डोहाळजेवणात पाणी वाढायचा भरलेला तांब्या माझ्याच हातात हुता.

तुमची नणंद,
शीला