घंटेतलं गवत

एल-कुडा
३ जून १९८७

प्रिय अवाले,

सलाम. मी बरी आहे, लेक सगल बरी आहे, शेळ्याही बऱ्या आहेत. बंदरावरच्या उकाड्यात तूही बरा असशील अशी आशा करते. हे पत्र ट्रकवाल्या फाराहबरोबर देते आहे. सोबत तुपात मुरवलेलं सुकं मांस आहे. डब्याला वादी मीच बांधली आहे. गाठ सुटलेली दिसली तर कुणी सोडली ते फाराहला विचार.

पत्र मात्र तू स्वतः वाच, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

यंदा पाऊस चांगला झाला. कळप सगळे बाहेर गेले, त्यामुळे विहिरीवर आता भांडायलाही कुणी नाही. गावात आम्ही बायका, म्हातारे आणि दुकानदार तेवढे उरलो. सगलचा पुढचा दात पडला. तो काकाला पाठव म्हणत होती. मी म्हटलं, काकाला त्याचे स्वतःचे आहेत.

शाळेतल्या मास्तरांनी मुलांसाठी गावाचा इतिहास लिहायला घेतला आहे. आधी ते तुमच्या घराण्यातले थोरले म्हणून जामाकाकांकडे गेले. काकांनी आपल्या आजोबांच्या उंटिणीपासून सुरुवात केली. चार दिवस झाले तरी गोष्ट विहिरीपर्यंत येईना, तेव्हा मास्तर माझ्याकडे आले. मी सांगितलं, लांब शेपटीच्या, संपता न संपलेल्या त्या दुष्काळाआधी इथे एक विहीर आणि एक बाभूळ होती, बस्स. ज्यांचे उंट उरले ते पुढे गेले. ज्यांचे मेले ते बसले, आणि बसले त्यांचं गाव झालं. मास्तरांनी तसंच लिहून घेतलं.

तुझी आई त्याच वर्षी गेली, ते मी सांगितलं नाही. ते आपल्या घरचं आहे. तू आठ वर्षांचा होतास, मी सतरा वर्षांची नवी नवरी. दोन शेळ्यांचं दूध निघायचं. तू भांडं तोंडाला लावण्याआधी विचारायचास, "वहिनी, तू प्यालीस?" मी हो म्हणायचे. बाभळीखाली राजधानीतून आलेला तो विद्यार्थी मुलांना अक्षरं शिकवायचा. तू पुढे बसायचास, मी मागे शेळ्या घेऊन उभी. जामाकाका म्हणायचे, "दीरियेच्या बायकोच्या शेळ्या फार शिकल्या बुवा." तुझे दादा हसायचे, पण मला हटकलं नाही. मागून जेवढं दिसलं तेवढं घेतलं, बाकी साखरेच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. आज ते उपयोगी पडलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

गुरुवारी जामाकाका आले. माझी सुतकाची पांढरी वस्त्रं उतरून महिना झाला. चहा झाल्यावर म्हणाले, "अवालेचा निरोप आला आहे. भावाच्या बायकोला पदरात घ्यायला तो तयार आहे. पोरगा गुणाचा निघाला."

मी म्हटलं, "मी त्याला उत्तर लिहीन."

"लिहीन? तोंड नाही का तुला?"

"आहे. पण तोंडी सांगितलं तर तुम्ही बंदरापर्यंत पोचवताना त्याची आणखी एक उंटीण कराल."

रागावले, पण चहा आणखी एक पेला घेतला. जाताना म्हणाले, "नाही म्हणालीस तर तू तुझ्या माहेरी जा. पोर आमच्या घराची आहे, उंटही आमचे. हे तुला सांगायला नको."

ते मला माहीत आहे. चाल आहे, वाईट चाल नाही. विधवा उघड्यावर पडू नये म्हणूनच ती पडली. दुसरा कुणी दीर असता तर मी कदाचित मान खाली घातली असती. पण तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत, अवाले. मी तुझी बायको कशी होऊ?

आणि फाराह म्हणतो, तू दिवसाला अकरा पेले चहा पितोस. मी विचारलं, बंदरावरचा चहा एवढा चांगला असतो? म्हणाला, "चहा नुसतं पाणी आहे हो. चहावाली चांगली आहे." तिचं नाव इदिल आहे असंही कळलं. मग हा निरोप तू का पाठवलास? मला वाटतं, मला ठाऊक आहे.

त्या दिवशी पिवळ्या उंटिणीच्या गळ्यातल्या घंटेत गवत होतं.

तू कळप पाण्यावर आणताना परक्यांच्या विहिरीजवळून आणलास. आवाज होऊ नये म्हणून घंटांत गवत कोंबलंस. तिथे सगळेच कोंबतात. इथे पोचल्यावर बाकीच्या घंटांतलं काढलंस, तिच्या घंटेतलं राहिलं. पहाटे ती नाहीशी झाली. तुझे दादा तिला शोधायला गेले आणि त्यांना ऐकू येण्यासारखं काहीच नव्हतं. चौथ्या दिवशी ती आपण होऊन पाण्यावर आली. ते सहाव्या दिवशी सापडले.

ती आली तेव्हा तू कुंपणापाशी उभा होतास. घंटेकडे पाहिलंस आणि निघून गेलास. गवत मी काढलं आणि चुलीत घातलं. कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. दफनानंतर आठवड्यात तू बंदरावर गेलास. तेव्हापासून दर ट्रकबरोबर काही ना काही पाठवतोस, आणि आता स्वतःलाच पाठवायला निघाला आहेस.

पण तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं माझं आहे. पाच महिने मी ते कुणापाशी बोलले नाही.

त्या पहाटे तुझ्या दादांना दोन दिवसांचा ताप होता. तू गावातल्या चहाच्या दुकानात झोपला होतास. ते म्हणाले, "असू दे, अंबरो. अवाले उठला की जाईल, नाहीतर तहान लागली की ती स्वतःच येईल." ते बरोबर म्हणत होते. ती खरंच आली. पण मी म्हटलं, "गाभण उंटीण बाहेर भटकते आहे आणि घरचा पुरुष अंथरुणात. विहिरीवरच्या बायका मला विचारतील, तुझ्या घरात लुगडी किती आहेत म्हणून." ते उठले. काठी घेतली. पाण्याची पखाल अर्धीच भरली होती. मी भरून दिली नाही, कारण मी रुसले होते.

हे असं आहे. गवत विसरणं ही चूक होती, कुणाच्याही हातून झाली असती. आजारी माणसाला मी माझ्या तोंडाने घराबाहेर काढलं. मी त्यांच्यावर प्रेम करत होते, तू पाहिलं आहेस. तरी बोलले. रोज सकाळी पखाल भरताना आठवतं, आणि मी ती काठोकाठ भरते.

तू माझ्याशी लग्न करून जे फेडायला निघालास, ते तुझ्या माथ्यावर नाहीच. म्हणून हे लिहिलं. न लिहिता नुसतं नाही म्हटलं असतं, तर तू जन्मभर त्या घंटेकडे बघत राहिला असतास.

हे वाचून तुला माझा राग आला तर तो योग्य आहे. ते तुझे भाऊ होते, माझ्याआधी तुझे. मग जामाकाकांना खरं काय ते सांग. मी नाकबूल होणार नाही. सगलचे कपडे मी धुऊन ठेवले आहेत. आणि राग आला तरी इतकं कर, तिला कधी मारू नका. तिला मार ठाऊक नाही.

राग नसला तर काकांना एवढंच कळव, की मी अंबरोला मोकळं केलं, ती मुलीसह आमच्याच अंगणात राहील. तुझ्या तोंडून आलं तर ते ऐकतील. मग इदिलच्या घरी बोलणी करायला जा. जाताना दाढी कर.

फाराह ट्रकचा कर्णा वाजवतो आहे. जामाकाकांना उत्तर काय द्यायचं ते तू ठरव. मी इथेच आहे, शेळ्यांजवळ.

तू म्हणशील तोवर तुझी वहिनी,
अंबरो