आठ वाजता निजणारे आजोबा

नांत, फ्रान्स, शनिवार दुपार

तीर्थस्वरूप अर्लीनताईस,

धाकट्या वेंडेलचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? नेब्रास्कात बर्फ पडलाय असं ऐकतो. अंगणातला बर्फ स्वतः उपसायला जाऊ नकोस, शेजारच्या डॉयलला सांग. (तो तुला नाही म्हणायचा नाही, तू विचारत नाहीस हीच त्याची तक्रार आहे.) मी इथे मुलाकडे मजेत आहे. मजेत म्हणजे, तक्रार करायला जागा नाही इतकंच.

कर्टिस लहानपणी नुसता घसरगुंडीवरून खाली आला तरी आपण सगळे टाळ्या पिटायचो, आठवतं? तोच कर्टिस आता सोलेनच्या, म्हणजे फ्रेंच सूनबाईंच्या, तालमीत तयार झालाय. परवा नातीने, क्लेमाँसने, पानातलं बीट मुकाट्याने संपवलं. मी सवयीने ओरडलो, "शाब्बास गं माझी वाघीण!" सोलेन शांतपणे म्हणाली, "बाबा, तिनं बीट खाल्लंय, किल्ला नाही जिंकला." कर्टिस हसला. (ज्याला बीटचा तुकडा गिळवायला त्याची आई, माझी जॉयस, विमानाचे आवाज काढायची, तो हसला.)

इथे पोरांनी येता-जाता चरायचं नाही. साडेचारला पाव आणि चॉकलेट, की जेवणापर्यंत तोंड बंद. हा नियम पाच वर्षांच्या मुलीला आहे, मला नाही. तरी एके दुपारी मी कपाटात कोटांच्या मागे बसून चिप्स खात होतो. क्लेमाँसने दार उघडलं, मला पाहिलं, "आजोबा, अजून साडेचार नाही वाजले," म्हणाली आणि दार हळूच लावून गेली. चुगलीही केली नाही गं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मागच्या आठवड्यात गुरुवारी कर्टिसचे मित्र जेवायला आले. अशा वेळी मुलीने बाहेर यायचं, प्रत्येकाला नमस्कार, गालाला गाल, आणि आठला आपल्या खोलीत. मग मोठ्यांची वेळ. मी मोठा, म्हणून मी बसलो. पहिला पेला संपेपर्यंत कर्टिस मला सगळं इंग्रजीत सांगत होता, मग विसरला. मंडळी हसली की मी हसायचो, जरा उशिरा. (एकदा एकटाच हसलो. कोणाच्या तरी आईच्या ऑपरेशनचं चाललं होतं.) तेवढ्यात क्लेमाँस निरोप घ्यायला उठली आणि काय वाटलं कोण जाणे, मीही उठलो. तिच्यामागून सगळ्यांच्या गालाला गाल लावत निघालो. वाटलं, कोणीतरी म्हणेल, "अहो, बसा हो, कुठे निघालात!" सगळ्यांनी फार प्रेमाने शुभरात्री म्हटलं.

ताई, जेवण नऊला होतं. मी उपाशी झोपलो. बाहेर कोंबडीचा वास, आणि परत जायचं तरी काय तोंडाने?

सकाळी सोलेन म्हणाली, "बाबा, तुम्ही दमता, आमच्या लक्षातच आलं नाही." आता ती माझं पान क्लेमाँसबरोबर सातलाच वाढते. आठला आम्ही दोघं शेजारी उभे राहून दात घासतो. पोर गोष्टीशिवाय, दिव्याशिवाय, पडल्या पडल्या झोपते. जॉयस तर कर्टिसचा डोळा लागेपर्यंत उशाशी बसून असायची. मी जागा असतो. जॉयस गेल्यावर घरात आवाज नव्हता म्हणून इथे आलो; इथे भिंतीपलीकडे आवाज आहे, कर्टिसचं खळखळून हसू आहे. दिवा मालवून तेच ऐकत पडतो.

असो. डॉयलला माझी आठवण सांग.

तुझा,
वेंडेल

ता. क. : खरं काम राहिलंच. तुझ्या छातीत कफ झालाय आणि तुला माझी गरज आहे, असं मी कर्टिसला ठोकून दिलंय. पुढच्या रविवारी तो तुला फोन करील. जरा खोक.

ता. क. आणखी एक : "आत्या, बाबांना राहू दे ना इथेच," असं म्हणाला तर लगेच ऐकू नकोस, खोकत राहा, त्याला दोनदा-तीनदा म्हणू दे. पण "बरं, तिकीट काढतो" म्हणाला, तर मात्र तिथल्या तिथे खडखडीत बरी हो.