शेवाळाला मिळालेलं अनुदान

तीर्थरूप मामांना,

तुमच्या सेकंदकाट्याचा वाकून नमस्कार (एका हाताने चष्मा धरून, कारण मागच्या खेपेला तो तुमच्या पायावर पडला होता). गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? आणि बैठकीतलं मोठं घड्याळ अजून चार मिनिटं पुढेच आहे ना? जन्मभर गावाची घड्याळं वेळेवर आणून देणाऱ्या माणसाच्या घरातलंच घड्याळ पुढे का, हे मला कळायला चाळीस वर्षं लागली. मामीची कुठलीही गाडी चुकू नये म्हणून तुम्ही ते तसं ठेवलंत आणि तिला कधी सांगितलं नाहीत. (मीही सांगितलेलं नाही. हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका.) तर पत्राला तसं काही कारण नाही. खुशाली कळवायची आणि आभार मानायचे, एवढंच. मला काहीही नको आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही डोळ्याला भिंग लावून पत्रात बिघाड शोधत बसाल.

बातमी मामीने सांगितलीच असेल. विद्यापीठाने यंदा वेगवेगळ्या विषयांच्या बारा प्राध्यापकांना संशोधनासाठी अनुदान दिलं आणि त्या बारांत तुमची भाची आहे. (रक्कम मी फक्त मामीच्या कानात सांगितली होती, म्हणजे एव्हाना ती सगळ्या गल्लीला पाठ झाली असेल.) विषय तुम्हाला ठाऊकच आहे. भिंतीवरचं शेवाळ वर्षाला किती सरकतं, आणि उन्हात वाळून कोरडंठाक झाल्यावर पहिल्या पाण्याने पुन्हा हिरवं कसं होतं. मुलाखतीत समितीच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं की इतकं बारीक मोजायला कुठे शिकलात. मी म्हटलं, घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला, खोक्यावर बसून. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला. पण मामा, खरं सांगते, तुम्ही मला सातव्या वर्षी ते डोळ्याचं भिंग दिलंत आणि बाथरूममागच्या भिंतीपाशी नेऊन सोडलंत (मी दुकानातले स्क्रू सांडले होते, म्हणून), त्या दिवशीच माझी नोकरी लागली. बाकी सगळं नुसतं कागदोपत्री होतं.

आमचे बाकीचे अकरा जणही पाहण्यासारखे आहेत. इतिहासाच्या बाईंना जुन्या कुलपांसाठी अनुदान मिळालं. त्यांच्याकडे दोनशे कुलपं आहेत, आणि स्वतःच्या खोलीची किल्ली आठवड्यातून दोनदा हरवते. संगीताच्या सरांना रिकाम्या वर्गातला घुमणारा आवाज मोजायचा आहे, म्हणून ते वर्ग रिकामा व्हायची वाट बघत दाराशी उभे राहतात आणि विद्यार्थी त्यांना घाबरून बाहेरच येत नाहीत. गणिताच्या सरांनी अर्जात एक मोठं टेबल आणि ‘कोणी हाक मारू नये’ एवढंच मागितलं होतं. समितीने तो अर्ज तीनदा परत पाठवला, इतकं कमी मागणाऱ्याचा काहीतरी डाव असणार म्हणून. शेवटी त्यांनी वैतागून एक खुर्ची वाढवली, तेव्हा मंजूर झाला.

आता मूळ प्रकार सांगते, पण तुम्ही बसून वाचा. प्रमाणपत्रं देण्याच्या समारंभासाठी प्रत्येकाचा आपापल्या संशोधनासोबत फोटो काढायचं ठरलं. कुलपांच्या बाई कुलपं घेऊन बसल्या, गणिताचे सर खुर्चीत बसले. माझा फोटो अर्थातच प्रयोगशाळेच्या मागच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी. याच भिंतीवर मी नोकरीच्या पहिल्या वर्षी तुमच्या बाथरूममागच्या भिंतीवरचं चिमूटभर शेवाळ (तुमच्या स्क्रूंच्या गोल डबीत घालून) आणून लावलं होतं. तेव्हा संशोधन वगैरे काही डोक्यात नव्हतं. घरची आठवण येत होती, इतकंच. पुढे ते तिथे रुजलं, पसरलं, आणि गेली अकरा वर्षं मी दर महिन्याला त्याची कड मोजत आले.

आमच्या देखभाल खात्याच्या प्रमुखांना सगळे ‘लखलखाट’ म्हणतात. माणूस देव आहे. त्यांच्या मुलीला मी एक वर्ष वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, तेव्हापासून माझ्या खोलीचा पंखा बिघडायच्या आधीच दुरुस्त होतो. फोटोवाला आदल्या दिवशी जागा बघायला आला आणि भिंत फार कळकट आहे असं काहीतरी बोलला. लखलखाटांनी ते ऐकलं. आपल्या मॅडमचा फोटो, आणि कळकट भिंतीपुढे? त्यांनी माणसंसुद्धा पाठवली नाहीत, मामा. स्वतः बाह्या सरसावल्या. तारेचा ब्रश, ब्लीचिंगची पावडर, वरून पाण्याचा फवारा, आणि मग पांढऱ्या रंगाचे दोन हात. सकाळी मी साडी नीट करत तिथे पोचले तर भिंत दुधासारखी, आणि तिच्या शेजारी लखलखाट, हाताला फोड आलेले, चेहऱ्यावर मुलीचं लग्न पार पडल्याचं समाधान. म्हणाले, “मॅडम, अकरा वर्षं बघतोय, तुम्ही त्या घाणीपाशी जाऊन उभ्या राहता. एकदाची काढून टाकली.”

मी काय केलं असेल, सांगा. मी ‘थँक्यू’ म्हटलं. तोंडातून तेच निघालं. फोटोत मी हसते आहे. अकरा वर्षांच्या कामावर पाणी फिरल्यावर माणूस असं हसू शकतो हे मला त्या फोटोमुळे कळलं. नंतर प्रयोगशाळेत जाऊन दार लावून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी लखलखाटांना कोणीतरी खरं सांगितलं (मी नाही). ते बादलीभर चिखल घेऊन आले आणि “कुठे कुठे लावू सांगा,” म्हणाले. मला रागवायचं होतं, पण त्या बादलीकडे बघून जमेना. आता ते रोज भिंतीला पाणी घालतात. संगीताच्या सरांनी येऊन भिंतीपाशी टाळी वाजवून पाहिली आणि तिचा आवाजसुद्धा उघडा पडल्याचं सांगितलं. कुलपांच्या बाईंनी मला चहा पाजला आणि गणिताच्या सरांनी स्वतःहून हाक मारली, ही त्यांच्या हिशेबात फार मोठी गोष्ट आहे. इतकी माणसं आपल्या एका हिरव्या डागासाठी हळहळतील असं मला कधी वाटलं नव्हतं. खरंच सांगते, शेवाळ गेलं त्या आठवड्यात मला जितकं मिळालं तितकं अनुदानाच्या पत्रातही नव्हतं.

पण हळहळीवर समितीचं भागत नाही. ती तीन आठवड्यांनी प्रत्यक्ष शेवाळ बघायला येणार आहे. शेवाळ नाही तर अनुदान रद्द, आणि नव्याने लावून अकरा वर्षं मोजायला माझ्या नोकरीची तेवढी वर्षंच उरलेली नाहीत. अनुदान कचेरीतल्या कारकूनबाईंनी माझ्यासाठी सगळे नियम चाळले. त्यांना एक वाट सापडली. त्याच जातीचं शेवाळ दुसऱ्या भिंतीवर असेल तरी चालेल, मात्र त्याची निदान दहा वर्षांची तारीखवार नोंद हवी. मी कपाळाला हात लावला. पगार मिळत नसताना दहा वर्षं शेवाळाची नोंद ठेवणारा वेडा माणूस आणायचा कुठून?

असो. तुम्ही काळजी करू नका. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला शेक द्या, जिन्यावरून सावकाश उतरा. भिंगासाठी, खोक्यावरच्या जागेसाठी, आणि ते स्क्रू सांडल्यावर मला न ओरडल्याबद्दल पुन्हा एकदा आभार. मामीला नमस्कार सांगा आणि हे पत्र लपवून ठेवा.

तुमचा,
सेकंदकाटा

ता. क. काहीही नको म्हटलं होतं, ते खोटं होतं. काल मामीला फोन करून रडले. ती म्हणाली, “अगं, मग आपल्या बाथरूममागची भिंत बघ की, त्यांनी रेघा मारून ठेवल्यात.” मी आनंदाने खुर्चीतून उठले, तोच म्हणाली, “पण सोमवारी गवंडी यायचाय हं. तुझ्या सत्काराला माणसं येणार म्हणून तिथे पांढऱ्या फरशा बसवतायत.” मामा, मला जीव लावणारी माणसं पहिल्यांदा भिंतीलाच का हात घालतात? मी मामीला म्हटलं, त्यांना थांबव. तिने विचारून पाहिलं. तुम्ही म्हणालात, तोंडी निरोपावर मी काम घेत नाही, चिठ्ठी आहे का? म्हणून दुकानातल्या घड्याळाला बांधायचात तशी ही चिठ्ठी, आजच्या कुरिअरने:

वस्तू: भिंत. मालक: भाची. बिघाड: काहीही नाही. काम: हात लावू नये. गळका नळही दुरुस्त करू नये. कधी हवी: कायमची.

ता. क. २. समितीची तीन माणसं तुमच्या बाथरूमच्या मागे येतील. त्यांना चहा द्या, भिंग द्या, पण मामीला आधी तिथे झाडू घेऊन जाऊ देऊ नका.

ता. क. ३. त्या रेघांबद्दल मामीने आणखीही सांगितलं, ते मी वर लिहिलं नाही कारण लिहिता येईना. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुम्ही मला त्या भिंतीशी उभं करून डोक्यावर रेघ कोरायचात. मी शिकायला बाहेर पडले, भिंतीशी उभं करायला कोणी राहिलं नाही, तर तुम्ही त्याच तारखेला बारक्या स्क्रूड्रायव्हरने शेवाळाच्या कडेची रेघ मारायला लागलात. बत्तीस रेघा, एकही वर्ष न चुकता. आणि मामी म्हणते, शेवाळ आता चढत चढत माझ्या सातव्या वर्षाच्या रेघेला टेकलंय.

रविवारी पहिल्या गाडीने येते. समितीसाठी नाही, आधी माझ्यासाठी. त्या शेवाळाच्या शेजारी मला पुन्हा एकदा उभं करा आणि रेघ मारा. चपला काढीन, आणि या वेळी टाचा उचलणार नाही.