मशीनमधली शिट्टी

सोमवार, ३ मार्च
लेकीच्या हट्टापायी डाव्या कानात ऐकायचं यंत्र बसवलं. चाळीस वर्षं शिलाई मशीनची कुरकुर कानाने ओळखतोय, मला काय धाड भरलीय? जावई कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. म्हणाला, बाबा, बाहेर नुसती हवा हलते, आवाज आपल्या डोक्यात तयार होतो. याला पगार मिळतो.
आठ दिवसांत यंत्र परत करायचं. ठरलं.

मंगळवार, ४ मार्च
यंत्र झकास. परत करणार नाही. ते फोनला जोडलेलं असतं, त्यात 'माणसांचं बोलणं कमी' असं बटण आहे. दाबलं. हिचं बोलणं गेलं. शास्त्र खरंच पुढे गेलंय.
कोपऱ्यावरची शिंपीण मशीन देऊन गेली. टाका सुटत होता. सुई बदलली, काम झालं. पण कान जवळ नेला तर आत बारीक शिट्टी. जुन्या कानाला जन्मात सापडली नसती.

बुधवार
मशीन खोललं. काही नाही. जोडलं. शिट्टी आहेच. शिंपीण टाका बघून म्हणाली, काका, छान चालतंय, द्या ना. शुक्रवारी दवाखान्याचे तीस गणवेश द्यायचेत, चुकले तर पुढचं काम गेलं. (दोनदा सांगायला लावलं.) म्हटलं, साध्या कानाने तुला नाही कळायचं. बिचारी.

गुरुवार, दुपार
पुन्हा खोललं. लांबून गप्प, कान लावला की शिट्टी. म्हणजे मशीनला माणूस कळतो. जाणीव म्हणतात ती हीच असणार. जावयाला विचारलं असतं, पण तो फार बोलतो.
जरा आडवा झालो तर उशीतही शिट्टी. उशी उसवली. नुसता कापूस. ही दारात हातवारे करत होती. कापसाबद्दल असेल.

शुक्रवार, सकाळ
हिने कानातलं यंत्र ओढून काढलं, मुठीत धरलं, मूठ माझ्या उजव्या कानाशी आणली. मुठीत शिट्टी. मग ओरडून म्हणाली, मंगळवारपासून सांगतेय, हे नीट बसलेलं नाही, काही जवळ आलं की केकाटतं, मी काय भिंतीशी बोलत होते?
मशीन तेव्हा तीन ताटल्यांत होतं.

संध्याकाळ
मशीन जोडून नेऊन दिलं, उरलेले गणवेश शिवून वेळेत पोचले. शेवटच्या नऊंना बटणं मी लावली, शिंपिणीच्या दुकानात बसून. ती सगळा वेळ बोलत होती. सगळं ऐकू आलं. फोन आता हिच्याकडे असतो.
आवाज डोक्यातच होता म्हणायचा. जावयाला कळू द्यायचं नाही.
हिने कळवलंय.