रवीने गाठिये पडत नाहीत

चि. भाऊ वशराम यास,

मोरबीहून मोठ्या बहिणीचे, मोंघीचे, जय श्रीकृष्ण. माझी तब्येत बरी आहे. दात दोनच राहिले, जीभ शाबूत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या जमनाचा खोकला थांबला का? (तिला म्हणावं, मुखवासाची डबी कुलपात ठेव.) पत्र घेऊन आलेल्या हमीरला आधी चहा दे. टेम्पो रिकामा का आणलास म्हणून त्याला छळू नकोस, त्याला ठाऊक नाही. फोन केला नाही, कारण माझा फोन स्पीकरवर लागतो आणि निम्मा कारखाना ऐकतो.

तर आमची भट्टी थंड पडायच्या बेतात आहे. तू राजकोटचा ओतशाळेवाला, भट्टीचं तुला काय सांगायचं. पण टाइल्सची भट्टी विझली की पुन्हा धरेपर्यंत चार दिवस जातात आणि आतले रूळ तडकतात ते वेगळंच. आमच्याकडे मातीची रबडी बारीक तोटीतून उंच उडवतात, गरम हवेत तिची पूड होते, त्या पुडीच्या टाइल्स. रबडी लागते थोडी, पण मागून रेटा लागतो जबर. त्यासाठी दोन दट्ट्यांचा पंप होता. एक मागे गेला की दुसरा पुढे, बारा वर्षं धबाक धबाक. तो गोकुळाष्टमीला, सातम-आठमच्या सुटीत गेला (कुठे गेला हा विषय आत्ता नको) आणि नवा आणायचं काम नातवाकडे आलं.

कौशल इंजिनिअर झालाय हे तुला माहीत आहे, पेढे खाल्लेस. तो गांधीनगरच्या प्रदर्शनात गेला आणि आत चक्र फिरणारा पंप घेऊन आला. चकचकीत, मांजरासारखा गप्प, तासाभरात हौद रिकामा करणारा. अरे, पण आम्हाला हौद रिकामा करायचाच नव्हता. रबडी कमी जावी म्हणून कौशलने पुढची झडप आवळली, तर हा पठ्ठ्या आतल्या आत तीच रबडी घुसळत बसला, तापला, थरथरला, आणि तोटीतून म्हाताऱ्याच्या लाळेसारखी धार. आठवड्यात मातीने त्याचं चक्र खाल्लं. विकणारा टाय लावून आला आणि म्हणाला, याहून मोठा घ्या. धिरज, म्हणजे माझा मुलगा, एवढंच म्हणाला की भट्टी विझली तर कौशलने अमरेलीला आजोळच्या जिनिंग मिलमध्ये कापूस मोजत बसावं. सून रडायला लागली. तिच्या बापाचीच जिनिंग आहे, तरी रडली.

मग मी कौशलला आणि टायवाल्याला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर ताकाची रवी ठेवली आणि शेजारी सोऱ्या. टायवाल्याला म्हटलं, भाई, या रवीने मला गाठिये पाडून दाखव. तो हसला, म्हणाला, मोंघीबा, रवीने कसे पडतील? मी म्हटलं, मग माझ्या नातवाला रवी का विकलीस? रवी पातळ गोष्ट भरपूर उडवते, पुढचं तोंड आवळलं की तिचं काही चालत नाही. सोऱ्याचं तसं नाही. भोक बारीक असो की मोठं, एका फेऱ्यात जेवढं पीठ ढकलायचं तेवढं ढकलणारच. कमी माल आणि जास्त दाब हवा तिथे दट्ट्याच लागतो. कौशलचा चेहरा उजळला. लगेच बाह्या सरसावून सोऱ्या पिळायला लागला. चकतीत कालचं पीठ वाळलेलं होतं, ते बघितलं नाही. सोऱ्या फुटला आणि पीठ टायवर. तेव्हा मी दुसरं शिकवलं. दट्ट्याला थांबायचं कळत नाही, म्हणून दाब वाढला की रबडी परत हौदात सोडणारी झडप त्याच्या डोक्यावर हवीच. जुन्यावर होती. टायवाल्याने हात धुतले आणि चहा न घेता गेला.

दट्ट्यांच्या पंपाची ऑर्डर दिली आहे. सहा आठवडे लागतील म्हणतात. पूड उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल. बाकी सगळं ठीक आहे. लहानांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
मोंघी

ता. क. जुना पंप तुझ्याकडेच आहे. सुटीत सगळे जत्रेला गेले होते, तुझा ट्रक साचे उतरवून रिकामा परत चालला होता, त्यात मीच चढवून दिला आणि भंगार आहे, वितळव, असा निरोप धाडला. माझी खोली पंपाच्या भिंतीला लागून आहे. बारा वर्षं दुपारचा डोळा लागला नाही. तू वितळवला नसशील. लहानपणी तुटलेल्या पतंगाचा दोराही तू टाकत नव्हतास. हमीरच्या टेम्पोत झडपेसकट चढव आणि स्वतः ये. धिरजला सांग की पंप तूच दुरुस्तीला नेला होतास. मी सगळ्यांसमोर तुला दोन शब्द बोलेन, ते ऐकून घे.

आणखी एक. इथे सगळे समजतात की पंप कौशलने भंगारात काढला. त्याने गेटवरच्या वहीतलं तुझ्या ट्रकच्या नंबराचं पान फाडून माझ्या उशीखाली ठेवलं. तोही बोलला नाही, मीही नाही. आजच ये. आणि वाचून झालं की पत्र भट्टीत टाक. पंप नको, पत्र.