काट्यावर ऐकू गेलेला आवाज

दि. ९ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच. जिना उतरताना कठडा धरते आणि कठड्यालाच शिव्या घालते. छोटी नव्या शाळेत रुळली का? तिचा निळा स्वेटर इथेच राहिलाय, पाठवून देते.

तुझं पत्र पोचलं. फोन केला नाहीस ते बरंच झालं. तुझा आवाज ऐकला असता तर कदाचित मी विरघळले असते, आणि मला विरघळायचं नाहीये.

तू लिहितेस, "गुरुवारच्या चौकशीत एवढंच सांग की माईक चुकून उघडा राहिला, आणि आवाज कुणाचा ते नीट कळलं नाही. तुझीही नोकरी वाचेल." पुढे लिहितेस, "मला त्या यंत्रातलं काही कळत नाही, पण आपल्या भोंग्याला साधं एक बटण दाबता आलं नाही, यात यांचा काय दोष?"

यंत्रातलं कळत नाही ना, मग आधी तेच सांगते.

पूर्वी गोदीत प्रत्येक टोळीचा आपापला चॅनेल असायचा. क्रेनवाल्यांचा वेगळा, ट्रेलरवाल्यांचा वेगळा. एकाचा रिकामा पडून असला तरी दुसऱ्याला मिळायचा नाही. नव्या यंत्रणेत कुणाच्या मालकीचं काही नाही. मोजके चॅनेल, सगळ्यांचे मिळून. त्यातल्या एकावर कुणी बोलतच नाही, तो कंट्रोल चॅनेल. दवाखान्यात दारापाशी एक बाई बसते ना, कुठल्या डॉक्टरची खोली रिकामी आहे ते बघून एकेकाला आत सोडणारी, तसं त्याचं काम. तू वजनकाट्यावर बसून बटण दाबतेस तेव्हा तुझा रेडिओ आधी त्याला गुपचूप विचारतो: मी अमुक नंबरचा, मला गेटच्या गटाशी बोलायचंय. तिकडून एक मोकळा चॅनेल मिळतो, गेटच्या गटातले सगळे रेडिओ आपोआप त्यावर उडी मारतात आणि तुला 'टीप' ऐकू येतं. पापणी लवायच्या आत होतं हे. मोकळा चॅनेल नसेल तर 'बुंग' वाजतं. म्हणजे थांब, रांगेत आहेस. ते ऐकून तू कितीदा रेडिओ टेबलावर आपटलायस.

रांग मोडायचा हक्क फक्त वरच्या नारिंगी बटणाला. ते दाबलं की दुसऱ्याचं चालू बोलणं तोडून चॅनेल मिळतो, आणि कंट्रोल रूममध्ये माझ्या पडद्यावर लाल पट्टी येते.

ते बटण भावोजींनी बंद करून ठेवलं होतं. सगळ्या रेडिओंचं. माणसं वाकली की पोटाला लागून ते चुकून दाबलं जायचं आणि दरवेळी शिफ्ट इन्चार्ज म्हणून त्यांना वर खुलासा द्यावा लागायचा. त्याचा त्यांना कंटाळा. टेक्निशियनला तोंडी सांगितलं, काढून टाक ते. मला सांगितलं नाही. काम करणाऱ्यांनाही नाही.

भोंगा गेला त्या दिवशी दोन जहाजं एकदम लागली होती, सगळे चॅनेल भरलेले. आपला भोंगा खाली उभा राहून क्रेनवाल्याला सांगत होता, डावीकडे घे, सावकाश. लटकत्या कंटेनरचा एक कोपरा सुटलेला त्याला दिसला. रेडिओने त्याला रांगेत उभं केलं. ताई, गल्लीच्या टोकावरून हाक मारली तरी घरात भांडी वाजायची अशा आवाजाचं पोर ते, म्हणून तर आपण नाव ठेवलं. पण क्रेनची केबिन काचबंद. शेजारच्या मजुराने पाहिलं, तो नारिंगी बटण अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत होता. वर बघत.

पहिल्या चौकशीत मला विचारलं, "तुमच्या पडद्यावर लाल पट्टी आली का?" नाही आली. मी खरं तेच सांगितलं. भावोजी उठले आणि म्हणाले, "म्हणजे बटण दाबलंच नाही. घाबरला असेल बिचारा." संध्याकाळपर्यंत सगळ्या रेडिओंचं बटण जिवंत झालं होतं; ते हवेतूनच करता येतं, रेडिओ हातात घ्यावा लागत नाही. मजूर वेडा ठरला. माझ्याच भावाविरुद्ध माझ्याच तोंडून वदवून घेतलं त्यांनी. पुढे टेक्निशियन माझ्याजवळ येऊन रडला, तेव्हा मला सगळं कळलं. "चौकशीत बोल," म्हटलं. तर म्हणाला, "बाई, मी बालबच्चेवाला माणूस."

त्यांना 'भावोजी' लिहायचं इथे थांबवते. हात वळत नाही.

माईक उघडला त्या दुपारी मी काचेतून पाहिलं, तुझा नवरा वर्कशॉपमध्ये शिरत होता. टेक्निशियनची बदली करणार हे मला सकाळीच कळलं होतं. कुणी बेशुद्ध पडलं तर ऐकू यावं म्हणून कंट्रोल रूममधून कुणाच्याही रेडिओचा माईक उघडता येतो. कमरेला रेडिओ लावलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. मी त्याचा नंबर टाकला.

"साहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून मी बटण बंद केलं. एक माणूस गेला."

"गेला तर गेला. मेहुणा माझा होता, तुझा कोण होता? आणि बंद कुणी केलं? तू. माझा हुकूम आहे का कुठे लिहिलेला?"

एवढं ऐकलं आणि माझा माईक स्पीकरच्या तोंडाशी धरून मी सगळ्या गटांना एकदम बोलायचं बटण दाबलं.

"मुकाट्याने बदलीवर जा. पोराचं म्हणशील तर तसाही बिनडोकच होता. बायकोसाठी सांभाळून घेतला इतकी वर्षं."

क्रेन थांबल्या. ट्रेलर जागच्या जागी उभे राहिले. माणसं आपापल्या कमरेच्या रेडिओकडे मान वाकवून बघत होती. तेवढ्यात टेक्निशियनने दुरुस्त झालेल्या एका रेडिओला बॅटरी लावून तो चालू केला. मुद्दाम की कसा, मी विचारलं नाही. उशिरा चालू झालेल्या रेडिओलाही कंट्रोल चॅनेल चालू बोलण्यात सामील करून घेतो. तुझा नवरा बोलतच होता, आणि त्याचंच वाक्य अर्ध्या श्वासाने मागून टेबलावरून त्याला ऐकू यायला लागलं.

"बंद कर ते! बंद कर!"

तेही सगळ्यांनी ऐकलं.

क्रेनवाला शिडी उतरून शेवटच्या पायरीवर बसला. आपल्या हातून माणूस मेला म्हणून इतके दिवस त्याने कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. तुझा नवरा बाहेर आला तेव्हा सगळे वर्कशॉपच्या दाराशी उभे होते. वाट दिली, कुणी हात लावला नाही. लावायला हवा होता, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

आता तुझं शेवटचं वाक्य. "काट्यावर चार लोकांत मला का ऐकवलंस? घरी येऊन सांगता आलं नसतं?"

आले होते, ताई. तू ओट्यापाशी उभी होतीस. माझं पुरतं ऐकलंही नाहीस. "भोंग्याचं लक्ष कधीच ठिकाणावर नसायचं," म्हणालीस, "आणि आता तुझंही डोकं फिरलंय." मग दाराकडे बोट केलंस.

तुला वाटतं, ओघात तुलाही ऐकू गेलं. तसं नाही. 'सगळे गट' या बटणात काटा येत नाही; तो गेटच्या गटात, आणि तो गट वेगळा मोडतो. तो मी हाताने जोडला. तू कामावर आहेस हे मला पडद्यावर दिसत होतं, तुझा नंबर हिरवा होता. जे तू माझ्याकडून ऐकून घेतलं नाहीस, ते मला तुला त्याच्या आवाजात ऐकवायचं होतं. तुझा चेहरा मला दिसला नाही, एवढंच राहून गेलं.

परवा मी सांगणार आहे की माईक मी उघडला, जाणूनबुजून, आणि आवाज कुणाचा ते ओळखायला मला यंत्र लागत नाही. नोकरी जाईल. जाऊ दे. काट्याबद्दल कुणी विचारणार नाही. ते तुझ्या-माझ्यात राहील.

आईने विचारलं, काय लिहितेयस? म्हटलं, खुशाली. तर म्हणाली, "तिला लिही, यायचं असेल तर ये. मुलीला घेऊन ये. त्याला नको."

तेवढं लिहून संपवते.

भोंग्याची बहीण