सादिकभाईंचा नवा विषय

बुधवार, संध्याकाळ. उंद्री.

विकिपीडियावर लेखांच्या चर्चेची नवी सोय आज सुरू झाली. ती हवी म्हणून मीच भांडलो होतो. नियमही माझाच: प्रत्येक विषय वेगळा, उत्तर त्याच्याच खाली, टिचकी मारेपर्यंत मिटलेलं.

बीटी कपाशीच्या लेखावर माझ्याशी बोलणारा माणूस एकच, पिंपळगाव राजाचे कापूस व्यापारी सादिकभाई. भेट कधीच नाही. पूर्वी बोंडअळीबद्दल मी एक ओळ लिहिली, की खाली त्यांची यायची. आज त्यांनी नवाच विषय उघडला: "सर, कुठी गेले तुमी?" मी खाली उत्तर दिलं. ते मिटलेलंच राहिलं, त्यांना दिसलं नाही. पुन्हा नवा विषय: "सर, कोनी हाये का इथं?"

उत्तर उघडायचं कसं, हे सांगू तरी कुठे? तेही मिटलेलंच राहणार.

दिवसभरात मला कोणी हाक मारली ती एवढीच. शेवटी माझाच नियम मोडून मीही नवा विषय उघडला: "हाव सादिकभाई, मी इथंच आहो."